हजारातला एक आजार : महात्मा गांधी आणि निसर्गोपचार



घरात कोणाला ताप आला की आपल्याकडे लगेच दोन पक्ष तयार होतात. आजी म्हणते, गवती चहा, आलं, तुळस घालून काढा करा. आई म्हणते, आधी दवाखान्यात जाऊन या. बाबा दोघींची समजूत काढत बसतात आणि तोवर ताप चढलेला असतो. नैसर्गिक उपचार चांगले की डॉक्टरांची औषधं चांगली, हा विषय निबंधाला दिला की मुलं वहीत दोन रकाने आखतात, एका बाजूला फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे. पाच-पाच मुद्दे झाले की निबंध संपला!

मला हा विषय रकान्यांत मावणारा वाटत नाही. म्हणून आज तो एका माणसाच्या आयुष्यातून सांगते. या माणसाने जन्मभर माती, पाणी, ऊन आणि आहार यांवर भरवसा ठेवला. बायको, मुलं आणि स्वतः यांच्यावर प्रयोग केले. आणि त्यांना मोठमोठे डॉक्टरही लागले. ते म्हणजे आपले महात्मा गांधी. मीठाचा सत्याग्रह, चले जाव हे सगळं तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलंच आहे, ते मी इथे परत सांगत नाही.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला मोहनदासचा जन्म झाला. वडील करमचंद, त्यांना सगळे काबा गांधी म्हणत. मोहन शाळेत असताना वडिलांना भगंदराचा आजार जडला. वैद्यांचे मलम झाले, हकिमांचे लेप झाले, गावठी औषधं झाली. शेवटी एका इंग्रज शल्यविशारदाने शस्त्रक्रिया सुचवली. मुंबईच्या नामांकित डॉक्टरकडून ती करायचं ठरत होतं. पण घरच्या वैद्यांनी नको म्हटलं, या वयात कापाकापी झेपणार नाही असं त्यांचं मत पडलं. बेत रद्द झाला आणि १८८५ मध्ये वडील गेले. तेव्हा मोहन सोळा वर्षांचा होता. रोज शाळेतून आला की तो वडिलांची जखम धुवायचा, औषध द्यायचा, रात्री पाय चेपायचा. पुढे आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवलंय की ती शस्त्रक्रिया होऊ दिली असती तर जखम बरी झाली असती असं त्यांना वाटतं. निसर्गोपचाराच्या एवढ्या मोठ्या पुरस्कर्त्याचं हे मत आहे बरं का, लक्षात ठेवा.

मोहनला स्वतःलाही डॉक्टर व्हायचं होतं. पण आपण वैष्णव, आपल्याला मढ्यांची चिरफाड चालायची नाही, असं थोरल्या भावाने सांगितलं. वडिलांनाही ते आवडलं नसतं. मग १८८८ मध्ये ते बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले.

खरे प्रयोग सुरू झाले ते दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गला वकिली जोरात होती, पण बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी पाठ सोडत नव्हती. सारखं रेचक घ्यावं लागे. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला सकाळचा नाश्ता न करणाऱ्या लोकांची एक मंडळी निघाल्याचं त्यांनी वाचलं आणि नाश्ता सोडून दिला. डोकेदुखी थांबली. पोटाची तक्रार मात्र तशीच राहिली. मग लुई कुने या जर्मन माणसाच्या पद्धतीने कटिस्नान सुरू केलं, म्हणजे थंड पाण्याच्या टबात कंबरेपर्यंत बसायचं. त्याने थोडा आराम पडला. नंतर अॅडॉल्फ जुस्ट याचं पुस्तक हाती आलं आणि मातीची पट्टी सापडली. स्वच्छ माती थंड पाण्यात कालवायची, पातळ कापडावर पसरायची आणि रात्री झोपताना पोटावर बांधायची. त्यांना याचा चांगला गुण आला.

बघा, इथे त्यांचं काय चुकलं? माझ्या मते काहीच नाही. पोट साफ होत नाही हा आजार खाण्यापिण्याचा आणि सवयींचा आहे. त्याला खाणंपिणं आणि सवयी बदलणं हेच पहिलं औषध, आजचे डॉक्टरही तेच सांगतात. यातून त्यांचं एक मत पक्कं झालं. हजार आजारांपैकी ९९९ आजार आहार, पाणी, माती आणि घरगुती उपायांनी बरे होतात, औषधांची फारशी गरज नाही, असं त्यांनी पुढे लिहिलं. आपण त्या उरलेल्या एका आजाराकडे लक्ष ठेवू या. कारण त्यांच्या आयुष्यात तो बऱ्याच वेळा आला.

१९०२ मध्ये ते काही महिने मुंबईत, गिरगावात राहत होते. दुसरा मुलगा मणिलाल तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. त्याला विषमज्वर झाला, सोबत न्यूमोनिया. रात्री तो तापात बडबडायचा. एका पारशी डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, औषधाचा फारसा उपयोग नाही, पोराला अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. घर शाकाहारी. गांधीजींनी नाही म्हटलं, पण डॉक्टरांना विनंती केली की मुलाची नाडी आणि छाती तुम्ही तपासत राहा. मग तीन-तीन मिनिटांचं कटिस्नान आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस चालू झाला. ताप १०४ पर्यंत गेला. बापाच्या मनात कालवाकालव झाली. लोक काय म्हणतील? मुलाच्या जिवावर प्रयोग करायचा मला काय हक्क? शेवटी ओली चादर पिळून त्यात मुलाला गुंडाळलं, वर दोन घोंगड्या घातल्या, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. अंग भट्टीसारखं तापलेलं, घाम नाही. बाळाला आईच्या हवाली करून ते चौपाटीवर रामनाम घेत फिरत राहिले. परत आले तर मणिलालला घाम फुटला होता. पुढे चाळीस दिवस फक्त पाणी घातलेलं दूध आणि फळांचा रस देऊन मुलगा उठला.

ही गोष्ट भाषणात अनेकजण सांगतात. निसर्गोपचाराने औषधाला हरवलं, असं म्हणून टाळ्या घेतात. पण मित्रांनो, नीट वाचलं की काय दिसतं? डॉक्टरांच्या पिशवीत विषमज्वराचं औषधच नव्हतं! विषमज्वराच्या जंतूंना मारणारं पहिलं खात्रीचं औषध क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ च्या सुमारास वापरात आलं, म्हणजे पंचेचाळीसेक वर्षांनंतर. डॉक्टरही आहारच सांगत होते, फक्त तो अंडी-कोंबडीचा. म्हणजे भांडण निसर्ग आणि औषध यांचं नव्हतंच, एका आहाराचं दुसऱ्या आहाराशी होतं. स्वतः गांधीजींनीही मुलगा नेमका कशाने वाचला याची खात्री देता येत नाही, देवाच्या कृपेने की पाण्याने की शुश्रूषेने, हे प्रामाणिकपणे लिहिलं आहे. आज विषमज्वराला औषध आहे. तेव्हा आज कोणी १९०२ चा दाखला देऊन मुलाला ओल्या चादरीत ठेवू म्हणाला तर ते चालणार नाही.

१९०४ मध्ये जोहान्सबर्गला प्लेगची साथ आली तेव्हाही असंच झालं. खाणीत काम करणारे २३ भारतीय एकदम आजारी पडले. गांधीजी आणि त्यांच्या सोबत्यांनी एका रिकाम्या गोदामात त्यांना ठेवून रात्रंदिवस सेवा केली. डॉ. विल्यम गॉडफ्रे मदतीला होते. नगरपालिकेने पाठवलेली परिचारिका रोग्यांना ब्रँडी द्यायची, कारण तेच तेव्हाचं औषध! गांधीजींनी डॉक्टरांची परवानगी घेऊन तीन रोग्यांची ब्रँडी त्यांच्या संमतीने बंद केली आणि डोक्यावर, छातीवर ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवल्या. त्या तिघांतले दोघे वाचले. बाकीचे वीस गेले. काही दिवसांत ती परिचारिकाही प्लेगने गेली. गांधीजी मात्र वाचले. याने त्यांचा मातीवरचा विश्वास वाढला आणि ब्रँडीवरचा अविश्वासही. गणितात आपण मुलांना काय शिकवतो? तीन जणांवरून नियम काढायचा नाही. दोघे मातीने वाचले की त्यांचा आजारच सौम्य होता, हे कळायला तीन माणसं पुरत नाहीत.

तिथलीच आणखी एक हकिगत. १९०९ च्या सुमारास डर्बनमध्ये कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली. रक्तस्रावाने त्या इतक्या अशक्त झाल्या होत्या की भूल न देता ती करावी लागली. त्यांनी ती सोसली आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली. नंतर डॉक्टरांनी गोमांसाचं सूप द्यायचं ठरवलं. गांधीजी म्हणाले, निर्णय तिचा. बा म्हणाल्या, नको, मरेन पण असलं घेणार नाही. मग भर पावसात तशाच अवस्थेत त्यांना डर्बनहून फिनिक्स आश्रमात नेलं आणि तिथे पाण्याच्या उपचारांनी त्या सावरल्या. शस्त्रक्रिया डॉक्टरांची, शुश्रूषा घरची. दोन्ही लागलं.

त्याच १९०९ मध्ये त्यांनी हिंद स्वराज्य लिहिलं. त्यात वकिलांसोबत डॉक्टरांवरही कोरडे ओढले आहेत. माणूस जास्त खातो, अजीर्ण होतं, डॉक्टर गोळी देतो, माणूस बरा होऊन परत जास्त खातो, म्हणजे औषधाने संयम शिकायची संधीच जाते, असा त्यांचा मुद्दा. खरं सांगू का, मला हा मुद्दा आजही पटतो. पित्ताची गोळी खिशात ठेवून लग्नाच्या पंगतीत बसणारे आपल्या ओळखीत सगळ्यांच्याच आहेत. पण विषमज्वर किंवा प्लेग हा जास्त जेवल्याने होत नाही. तिथे हा मुद्दा लागू पडत नाही.

वैद्यांनाही त्यांनी सोडलं नाही, ही गोष्ट फार कमी सांगितली जाते. १९२१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात आणि १९२५ मध्ये कलकत्त्याला एका आयुर्वेद विद्यालयाच्या कार्यक्रमात ते बोलले तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांच्या शोधक वृत्तीचं त्यांनी कौतुक केलं. आपले वैद्य जुन्या पुण्याईवर जगतात, नवा शोध घेत नाहीत आणि मोठमोठ्या जाहिराती करतात, असं तोंडावर सुनावलं. वैद्यमंडळी नाराज झाली. म्हणजे आपलं ते सगळं चांगलं, असं म्हणणाऱ्यांतले ते नव्हते.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांना जोराची हगवण लागली. औषध घेईनात, इंजेक्शनही नको. आता आपण जात नाही वाचत, असं म्हणून निरोपाची भाषा सुरू झाली. डॉ. तळवलकरांनी केळकर नावाचे एक मराठी गृहस्थ आणले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलेले, बर्फाने उपचार करणारे. त्यांनी सगळ्या अंगाला बर्फ लावला, त्याने थोडी हुशारी आली. पण शरीर भरेना. मुंबईचे डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय इलाज नाही. गांधीजींनी दूध सोडण्याचं व्रत घेतलेलं. तेव्हा कस्तुरबांनी अडचण सोडवली. व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय-म्हैस होती ना, मग शेळीचं दूध चालेल! शेळीचं दूध तेव्हापासून सुरू झालं. ते घेताना आपण व्रताचा फक्त शब्द पाळला, अशी टोचणी मात्र त्यांना शेवटपर्यंत होती.

आता पुण्याकडे येऊ या. १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या पोटात दुखायला लागलं, ताप आला. निदान झालं आंत्रपुच्छाचा दाह, आपण बोलताना अपेंडिक्स म्हणतो ते. तुरुंगातून त्यांना ससून रुग्णालयात हलवलं. १२ जानेवारीची रात्र. कर्नल मॅडॉक हे इंग्रज डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया आत्ताच हवी. मुंबईहून डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलवावं असं ठरलं, पण ते वेळेत पोहोचणं शक्य नव्हतं. पुण्यातून श्रीनिवास शास्त्री आणि डॉ. फाटक आले. शास्त्रींनी संमतीचं निवेदन लिहून घेतलं. काही बरंवाईट झालं तर सरकारविरुद्ध देशभर डोंब उसळेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गांधीजींनी थरथरत्या हाताने पेन्सिलीने सही केली.

शस्त्रक्रिया चालू असताना वादळ आलं आणि वीज गेली. हातातली विजेची बत्तीही विझली. शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं. ज्या सरकारने तुरुंगात टाकलं त्याच सरकारच्या डॉक्टरने, ज्या शास्त्रावर त्यांनी टीका केली त्याच शास्त्राने, त्यांना वाचवलं. ५ फेब्रुवारी १९२४ ला त्यांची सुटका झाली आणि ते जुहूला विश्रांतीला गेले. सुजलेलं आंत्रपुच्छ पोटात फुटलं तर जंतू सगळ्या पोटात पसरतात. त्याला मातीची पट्टी किंवा उपवास पुरा पडत नाही. हजारातला एक आजार म्हणतात तो हाच. त्या रात्री गांधीजींनी हट्ट केला नाही.

सगळीकडे असंच झालं असतं तर ही गोष्ट सोपी झाली असती. पण तशी ती नाही. देवीच्या लसीला त्यांचा विरोध होता. जनावराच्या शरीरातून तयार केलेली लस माणसाला टोचणं त्यांना घाण आणि हिंसक वाटे. १९३० मध्ये दांडीयात्रेच्या तोंडावर साबरमती आश्रमात देवी आल्या आणि तीन मुलं दगावली. त्यातला एक मुलगा आश्रमात संगीत शिकवणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा. पंडितजी त्या दुःखातच दांडीला चालत गेले. गांधीजींना फार लागलं, पण मत त्यांनी सोडलं नाही. इथे मी त्यांच्या बाजूने उभी राहू शकत नाही. देवीची लस तेव्हा सव्वाशे वर्षांहून जुनी होती, तिचा गुण जगभर दिसलेला होता. त्याच लसीने पुढे जगातून देवी नाहीशी झाली, १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. आज आपण शाळेत लसीकरणाला मुलांच्या रांगा लावतो तेव्हा एखादे पालक मुलाला त्या दिवशी घरी ठेवतात. त्यांना समजावताना मला या तीन मुलांची आठवण येते.

१९४२ मध्ये चले जावच्या वेळी गांधीजी आणि कस्तुरबांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तिथे गांधीजींनी आरोग्याची किल्ली हे छोटं पुस्तक लिहिलं. माती, पाणी, आकाश, तेज, वारा यांबद्दलचे त्यांचे विचार त्यात आहेत. इकडे बांचं हृदय कमजोर होत चाललं होतं. डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर हेही तिथेच कैदेत, ते औषध देत होते. बांना आयुर्वेदिक वैद्य हवे होते. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर सरकारने लाहोरचे पंडित शिव शर्मा यांना परवानगी दिली, पण रात्री आत राहू देईनात. तेव्हा वैद्यराज दाराबाहेर आपल्या मोटारीत झोपत. निसर्गोपचाराचे डॉ. दिनशा मेहताही येऊन गेले. कशानेच उतार पडेना. वैद्यांनी शेवटी आपले उपाय संपल्याचं मान्य केलं.

तेव्हा धाकटा मुलगा देवदास याने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवलं. हे औषध तेव्हा अगदी नवं होतं, लढाईतल्या सैनिकांसाठी राखलेलं. ते कसं देतात असं गांधीजींनी विचारलं. दर काही तासांनी सुई टोचायची, असं कळल्यावर त्यांनी नको म्हटलं. जाणाऱ्या माणसाला आणखी त्रास कशाला, असं त्यांनी देवदासला समजावलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला संध्याकाळी बा गांधीजींच्या मांडीवर गेल्या. बासष्ट वर्षांचा संसार होता.

दोन महिन्यांच्या आतच गांधीजींना मलेरिया झाला. आधी त्यांनी औषध नाकारलं, नुसतं पातळ पदार्थांवर राहिले. ताप हटेना तेव्हा क्विनाइन घेतलं आणि ताप गेला. ६ मे १९४४ ला त्यांची सुटका झाली.

यावर आजही लोक वाद घालतात. बायकोला पेनिसिलिन नाही आणि स्वतःला क्विनाइन? माझं मत सांगते. बांचं हृदय आणि मूत्रपिंडं दोन्ही थकली होती, डॉक्टरांनाही आशा उरली नव्हती. मलेरियावर क्विनाइन हा मात्र खात्रीचा उपाय होता. दोन्ही प्रसंग एका तराजूत तोलता येत नाहीत. तरीही शेवटची संधी म्हणून ते औषध द्यायला हवं होतं असं देवदासला वाटलं, तर त्या मुलाला चूक कोण म्हणेल?

आता एक गंमत बघा. क्विनाइन हे सिंकोना झाडाच्या सालीतून काढतात. दक्षिण अमेरिकेत तापावर ही साल फार पूर्वीपासून वापरात होती. १८२० मध्ये फ्रान्समधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून नेमका गुणकारी भाग वेगळा केला, मग किती द्यायचं ते मोजता येऊ लागलं. पेनिसिलिन तर बुरशीपासून मिळतं, आपल्या भाकरीवर येते तसल्या! मग यातलं नैसर्गिक कोणतं आणि डॉक्टरी कोणतं? मुलांना हा प्रश्न वर्गात जरूर विचारा.

सुटल्यानंतर गांधीजींचं मन निसर्गोपचारातच रमलं. पुण्यात दिनशा मेहतांच्या दवाखान्यात ते राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ ला त्यासाठी एक न्यास झाला. पण शहरातल्या दवाखान्यात गरीब माणूस येणार कसा, हे त्यांना खुपत होतं. मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले आणि तिथे रोगी तपासू लागले. कोणाला सूर्यस्नान, कोणाला कटिस्नान, आहार बदला, घर-अंगण स्वच्छ ठेवा आणि रामनाम घ्या. गावकऱ्यांनी जमीन दिली. आठवडाभरातच दिल्लीच्या वाटाघाटींसाठी त्यांना जावं लागलं, पण मणिभाई देसाई या तरुण कार्यकर्त्याला त्यांनी मागे ठेवलं. मणिभाई जन्मभर तिथेच राहिले, पुढे १९६७ मध्ये त्यांनी तिथेच बायफ ही संस्थाही काढली. आश्रम आजही चालू आहे.

पुण्याला शाळेची सहल नेणार असाल तर शनिवारवाड्यासोबत हेही करता येईल. आगाखान पॅलेसच्या आवारात कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या आहेत. ससून रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ आहे, तिथली शस्त्रक्रियेची खोली स्मारक म्हणून जपली आहे, फक्त रुग्णालय असल्याने आधी परवानगी काढा आणि मुलांना गडबड करू देऊ नका. उरुळी कांचन सोलापूर रस्त्यावर साधारण तीस किलोमीटरवर. तिन्ही ठिकाणं एका दिवसात होतात, सकाळी लवकर निघालात तर.